पगारेताईंचा ओटा

पगारेताईंबरोबर रस्त्यानं चालणं हे एक कामच होतं. त्या समोर बघायच्याच नाहीत. नजर सगळी जमिनीवर. थोडं पुढे गेल्या की वाकायच्या, काहीतरी उचलायच्या, पदराला पुसायच्या, उन्हात धरून बघायच्या आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीत टाकायच्या. सोड्याच्या बाटलीचं बूच, शिंप्याच्या दुकानाबाहेर पडलेलं रिकामं रीळ, बांगडीची काच, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, कुणाच्या लग्नाच्या मांडवातून उडून आलेली पताका. नाशिकरोड स्टेशनापासून आमची वसाहत काही लांब नव्हती. पण ताईंबरोबर निघालं की घरी डाळ शिजायला टाकायची वेळ हमखास टळायची.

"ताई, लोक बघतात हो," मी एकदा म्हणाले.

"बघू दे की. त्यांना काय दिसतंय? एक बाई कचरा गोळा करतीये. मला काय दिसतंय? उद्याचा हत्ती."

आणि दुसऱ्या दिवशी बालवाडीत खरोखरच हत्ती उभा असायचा. सोंड ट्यूबची, पाय रिळांचे, पाठीवर पताकेची झूल.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचा तो काळ. लग्न होऊन मी मखमलाबादच्या मळ्यातून नाशिकरोडला आले होते. माहेरी पहाटे उठून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची सवय, आणि इथे दोन खोल्यांत दिवस सरता सरत नसे. बालवाडीचा कोर्स केलेला होता. वसाहतीतल्या मंडळाच्या बालवाडीला दुसऱ्या बाई हव्या होत्या, मी लागले. पहिल्या बाई म्हणजे पगारेताई. वसाहत कामगारांची, निम्मी घरं बौद्धांची, बाकीची आमच्यासारखी कुठून कुठून आलेली. बालवाडी म्हणजे रेल्वेच्या रुळांकडेला एक पत्र्याची शेड, तीत एक फळा, एक सतरंजी आणि वीस-पंचवीस पोरं. गाडी जाताना शिकवणं थांबवावं लागे.

पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "तिच्या घरचा चहा घेतलास?"

"घेतला."

त्या उठून आत गेल्या. पण महिन्याभरानं त्यांनीच जुन्या लुगड्याचा एक धडपा माझ्या हातात ठेवला. "तुझ्या त्या बाईंना दे. बाहुल्या करतात म्हणे."

ताई तेव्हा चाळिशीच्या पुढे होत्या. उंच, सावळ्या, हाडापेरानं मोठ्या. आवाज पुरुषासारखा भरदार आणि सुराशी त्याची ओळख नाही. बडबडगीत म्हणायला लागल्या की रुळांवरचा गँगमन मान वर करून बघायचा. पोरांना मात्र ते भारी आवडे, कारण ताईंच्या आवाजात गाता येणं कुणालाही शक्य होतं. एकुलती एक लेक लग्न होऊन इगतपुरीला गेलेली. घरात त्या आणि पगारेदादा. दादा एका कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी वसाहतीतले बिघडलेले स्टोव्ह, पंखे, सायकली त्यांच्या ओट्यावर रांग लावून बसलेल्या असत.

बालवाडीत मंगल नावाची एक मुलगी होती. येऊन महिना झाला तरी तोंडातून शब्द नाही. पाटी-पेन्सिल दिली की संपूर्ण पाटी रेघोट्यांनी पांढरी करून टाकायची. मी रोज ती पुसायची, रोज एक 'ग' काढून द्यायची, आणि रोज ती त्या 'ग'वरून रेघोट्या ओढायची. एक दिवस मी कंटाळून म्हणाले, "हे काय गं मंगल? काय करतेस हे?"

ताई लांबून आल्या आणि मंगलच्या शेजारी मांडी घालून बसल्या. बराच वेळ पाटीकडे बघत राहिल्या. चित्रप्रदर्शनात माणसं बघतात तसं.

"काय हाय गं हे?"

मंगलनं पाटीवर बोट टेकवलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "गाडी."

"गाडी? मला तर कुठं दिसत नाय ती."

"गेली."

"असं होय! गाडी गेली, हा धूर राहिला. बरोबर हाय. मग गाडीत कोण बसलं होतं?"

"आजी."

"कुठं चालली आजी?"

"मनमाडला." आणि मग मंगल बोलायलाच लागली. आजीची पिशवी, पिशवीतली गुळाची पोळी, आजीचा दुखरा गुडघा, गाडीत चढताना तिला कुणी ढकललं. आजी तिला सांभाळायची आणि महिन्यापूर्वीच गेली होती, काकाकडे राहायला. मी इतके दिवस तो धूर ओल्या फडक्यानं पुसत होते.

ताई पोरांना कधी 'छान' म्हणायच्या नाहीत. मला सुरुवातीला तो कठोरपणा वाटला. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "छान म्हटलं की संपलं. पोरगं पाटी टाकतं आणि पळतं. विचारलं की बसतं. आपल्याला पण कुणी विचारलं की बरं वाटतं का नाय?"

याचा अर्थ त्या सोशिक, शांत होत्या असं मात्र कुणी समजू नये. राग नाकावर असे. मंडळाच्या सेक्रेटरींशी त्यांचं आठवड्याला एक भांडण ठरलेलं. पालकांशी बेधडक खोटं बोलत, एखाद्या दिवसभर रडलेल्या पोराच्या आईला सांगायच्या, "आज तर हा राजा होता राजा!" स्वयंपाक यथातथा. आणि दुसऱ्याची वस्तू आपल्याला सुचलेल्या कामासाठी उचलायला त्यांना जराही संकोच वाटत नसे. माझ्या डब्याचं झाकण एकदा गायब झालं, ते दोन दिवसांनी एका लाकडी माणसाच्या हातात झांज होऊन सापडलं. मी झाकण परत मागितलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. माझ्याबद्दल नव्हे, त्या लाकडी माणसाबद्दल.

एका गोष्टीची त्यांना चीड होती. कुणी रडत आलं आणि दुसऱ्यानं 'होईल सगळं चांगलं' म्हटलं की त्या उसळायच्या. एका पोराची आई एकदा नवऱ्याच्या दारूचं गाऱ्हाणं घेऊन आली. मी आपली म्हणाले, "होईल हो सगळं नीट." ती गेल्यावर ताई माझ्यावर घसरल्या.

"तुला कुणी सांगितलं होईल म्हणून? तार आली का तुला? असलं बोलू नये. हातात काय हाय ते बघावं."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. 'हातात काय हाय ते बघ.' खडू संपले, हातात काय हाय ते बघ. पाऊस आला, अंगणात खेळता येत नाही, हातात काय हाय ते बघ. त्या बाईच्या हातात गोधडीचा टाका सुरेख होता, हे ताईंनी पोराच्या दुपट्यावरून हेरलं आणि दुसऱ्या दिवशी तिला पोरांसाठी चिंध्यांचा चेंडू शिवायला बसवलं. ती रोज दुपारी येऊन बसू लागली. नवरा प्यायचा थांबला नाही. पण तिचे चेंडू पुढे इतके नामी झाले की शेजारच्या वस्तीतली पोरं ते पळवून न्यायला लागली, आणि ती बाई त्यांच्या मागे शिव्या देत धावताना हसायची.

त्यानंतरच्या वर्षी पगारेदादांचा उजवा हात कारखान्यातल्या मशीनखाली आला. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

जखम भरली, पट्टी सुटली, पण दादा काही उठेनात. कारखान्यानं हजेरीच्या खिडकीवर बसायचं हलकं काम देऊ केलं होतं. ते गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहायचे. हात कायम टॉवेलखाली झाकलेला. वसाहतीतल्या लोकांनी स्टोव्ह आणणं बंद केलं, तेही बिचारे त्यांना वाईट वाटू नये म्हणून. ओटा मोकळा झाला.

ताईंनी त्यांना येत होतं ते सगळं करून पाहिलं. गोष्टी सांगितल्या, नकला केल्या, शेजाऱ्यांना गप्पांना बोलावलं, डाव्या हातात धरता येतील असे छोटे पेचकस कुठून कुठून जमवून आणले. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे वाटीभर आमटी घेऊन गेले होते. दारातच थांबले. आत ताई बोलत होत्या, बालवाडीतल्या आवाजात, "असं काय करता? सगळं गेलं का? हातात काय हाय ते बघावं माणसानं."

दादा मूळचे नामपूरकडचे, अहिराणी मुलखातले. इतकी वर्षं इकडे राहून बोली पुष्कळ धुऊन निघाली होती, पण राग आला की उसळून वर यायची. त्यांनी टॉवेल फेकला आणि तो हात ताईंच्या तोंडापुढे धरला.

"बघ! हातमा काय शे ते बघ! मी काय तुन्ही बालवाडीना पोऱ्या शे का?"

मी आमटीची वाटी ओट्यावर ठेवून मागच्या मागे परतले.

दुसऱ्या दिवशी ताई बालवाडीत आल्या. पोरांना रिंगणात बसवलं, गाणं म्हटलं, सगळं नेहमीसारखं. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसल्या आणि डबा न उघडताच म्हणाल्या, "सुमन, मला वाटायचं मला हे येतं. लोकांच्या पोरांचं मी करते, मला येतं. घरच्या माणसापुढं काय पण आलं नाय गं."

मला 'होईल सगळं नीट' म्हणायचं होतं. त्याऐवजी मी त्यांचा डबा उघडून पुढे सरकवला.

त्यानंतर किती महिने त्यांच्या तोंडी ते वाक्य आलं नाही. दादांना सांगणं, समजावणं त्यांनी सोडून दिलं. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, कामाला यायच्या. रस्त्यानं चालताना अजूनही खाली बघायच्या, पण वाकायच्या नाहीत.

वैशाखात एका संध्याकाळी वळवाचं वादळ आलं. सकाळी येऊन बघतो तर आमच्या शेडचे पत्रे रुळांच्या पलीकडे नाल्यात पडलेले. एक तर वाकून मसाला डोशासारखा गुंडाळला गेला होता. फळा तेवढा खांबाला धरून उभा. सेक्रेटरी आले, कमरेवर हात ठेवून वर आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "आता दिवाळीपर्यंत बंद ठेवावी लागेल बालवाडी. मंडळाकडे सध्या सोय नाही."

दिवाळीपर्यंत बंद म्हणजे काय, ते आम्हा दोघींना माहीत होतं. आया कामावर जाणाऱ्या. कुणी बांधकामावर, कुणी द्राक्षांच्या बागेत. पोरं रुळांवर खेळणार. थोड्या मोठ्या मुली धाकट्याला कडेवर घेऊन घरी बसणार, त्या पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाहीत.

"माझ्या ओट्यावर भरवू," ताई म्हणाल्या.

मी दबक्या आवाजात विचारलं, "आणि दादा?"

"त्यांना मी सांगते."

त्यांनी सांगितलं नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पंचवीस पोरं आपापली पाटी घेऊन ओट्यावर, पायरीवर, अंगणातल्या शेवग्याखाली बसली. दादांनी खिडकीतून एकदा बघितलं, आणि आतून दार धाडकन लोटून घेतलं. ताई दाराकडे न बघता मोठ्यानं म्हणाल्या, "चला, आज आपण आवाज ऐकायचे. हा कशाचा आवाज होता?"

"दाराचा!" पोरं ओरडली.

"रागावलेलं दार का हसणारं?"

"रागावलेलं!"

मी घाईनं पोरांना पाट्या काढायला लावल्या.

तसे काही दिवस गेले. दार लोटलेलंच असे. प्यायच्या पाण्याचा माठ मात्र आत होता, आणि उन्हाळा. पोरांना एकेक करून दार ढकलून आत जावं लागे, ओगराळ्यानं पाणी घेऊन प्यावं लागे. सगळी चोरपावलांनी जाऊन यायची. एक दिवस मंगल गेली ती लवकर येईना. मी उठणार तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. एके काळी न बोलणाऱ्या त्या मुलीचा आवाज आता चांगला खणखणीत झाला होता.

"बाबा, तुमची बोटं कुठं गेली?"

ताईंच्या हातात रिळं ओवायची सुतळी होती, ती तशीच राहिली. ओट्यावरची सगळी पोरंही गप्प झाली, कारण हा प्रश्न त्या सगळ्यांच्याच मनात इतके दिवस होता.

मग खाट करकरली.

"गावाला गेली," दादा म्हणाले.

"कोणत्या गावाला?"

"नामपूरले."

"कशाला?"

"कांदा विकाले."

मंगल विचार करत असावी. "मग कधी येणार?"

"भाव आला की येतील," दादा म्हणाले.

मंगलचं समाधान झालं. ती पाणी पिऊन बाहेर आली आणि आपल्या जागेवर बसली. ताईंनी माझ्याकडे बघितलं. डोळे मोठे झालेले. माझ्या कानाशी वाकून त्या पुटपुटल्या, "कांदे म्हणे! घरात कांदा चिरला तरी बाहेर जाऊन बसतो हा माणूस."

मला हसू फुटलं. ताईंनी माझ्या मांडीला जोरात चिमटा काढला. "हसू नको. अजिबात बघायचं नाय तिकडं. आणि संध्याकाळी त्यांचं कौतुक करायला येऊ नको. कौतुक केलं की माणूस लाजतो आणि थांबतो."

दुसऱ्या दिवशी मंगलबरोबर आणखी दोघं तहानलेले निघाले. तिसऱ्या दिवशी सहा. माठ दुपारच्या आत रिकामा व्हायला लागला. "बोटं आली का?" अशी चौकशी रोज होऊ लागली आणि रोज उत्तर वेगळं. कधी त्यातलं एक बोट सटाण्याच्या बाजारात हरवलेलं असे, आणि दुसरं त्याला शोधत हिंडत असे. कधी मधलं बोट बैलगाडीतून उतरायला तयार नसे, कारण त्याला बैलाची दोस्ती लागलेली. एकदा तर अंगठीच्या बोटाचं लग्न ठरलं होतं, पण नवरीच्या बापानं विचारलं, "तुमचा हात कुठंय?" तिथं सगळं अडलं. दादांच्या आवाजात आधी नुसती अडगळ काढल्याचा सूर होता. पोरं जावीत म्हणून बोलतात तसा. पुढे पुढे ते गोष्ट मध्येच थांबवून "पाणी प्या आधी" म्हणायला लागले. ज्याला गोष्ट थांबवता येते, त्याला ती सांगायची असते.

दार केव्हा उघडं राहायला लागलं, ते मला सांगता येणार नाही. एक दिवस दादा उंबऱ्यात बसलेले दिसले. टॉवेल खांद्यावर होता. एक पोरगं त्यांच्या हाताकडे निरखून बघत म्हणालं, "हा तर खेकडा!" दादांनी अंगठा आणि करंगळी फाकवून त्याला पकडलं, आणि पोरं किंचाळत अंगणभर पळाली. मग रोज एकदा खेकडा निघायचाच.

त्याच दिवसांत मंगल आणि दुसऱ्या एका पोराची जुंपली. एक म्हणे, बोटं नामपूरला आहेत. दुसरा म्हणे, हरसूलच्या बाजारात आहेत, काल बाबांनीच सांगितलं. पाट्या उगारल्या गेल्या. दोघंही रडत, ओरडत ताईंपुढे आली. आता ह्या काय न्याय देतात म्हणून मी बघत राहिले. ताई शांतपणे म्हणाल्या, "भांडता कशाला? दोघांचं खरं. बोटं तीन हायेत."

उंबऱ्यातून हसण्याचा आवाज आला. मोठा, खोकल्यात मिसळलेला. ताई तिकडे वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच बसून राहिल्या. बोटांनी जमिनीवरची धूळ एकाच जागी गोळा करत होत्या.

हे सगळं इथेच गोड झालं असं नाही. दादांचे वाईट दिवस येतच राहिले. तसा दिवस आला की दार पुन्हा लोटलं जाई आणि ताई माठ बाहेर आणून ठेवत. पोरं विचारायची, "आज बोटं?" ताई सांगत, "आज झोपलीत. झोपू द्या." पोरं मान हलवायची. झोप येते, हे पोरांना समजतं. मोठ्यांना समजवावं लागतं. पण एक दिवस दादांनी ताईंची कापडी पिशवी मागून घेतली, डाव्या हातानं तिच्यात बराच वेळ धुंडाळलं आणि तीन रिळं काढून त्यांना चिंध्यांचे फेटे बांधायला बसले. फेटे सारखे सुटत होते. ताई समोर तांदूळ निवडत होत्या. मदतीला गेल्या नाहीत. हे त्यांना किती जड गेलं असेल, ते मी त्यांच्या तांदळाच्या ताटावरून सांगते. खडे ताटात आणि तांदूळ सुपाबाहेर पडत होते.

पावसाळा सरता सरता दादा कारखान्यात हजेरीच्या खिडकीवर रुजू झाले. सुट्टीच्या दिवशी एक स्टोव्ह ओट्यावर दिसला. डाव्या हातानं त्यांना वेळ लागायचा, पण स्टोव्ह पेटायचा.

पुढे मंडळानं पक्की खोली बांधली. उद्घाटनाला पाहुणे आले, भाषणं झाली. ताईंच्या जिद्दीमुळे, ताईंच्या धैर्यामुळे, आपल्या दारात बालवाडी भरवून वगैरे सेक्रेटरी बरंच बोलले आणि शाल पुढे केली. ताई उठल्या. "शाल त्या पत्र्यांना घाला," त्या म्हणाल्या. "उडाले ते. मी तर घरातच होते." लोक हसले, सेक्रेटरीही हसले. मागच्या रांगेत दादा बसले होते, ते मात्र हसले नाहीत. ताईंकडे बघत राहिले.

मला ताईंनी पुढे एकदा तेच सांगितलं. "मी केलं असं म्हणू नको कधी. मी करत होते तेव्हा काय झालं नाय. मी थांबले, आणि पोरगी पाणी प्यायला गेली."

मला वाटतं, त्यांचं म्हणणं अर्धंच खरं होतं. ज्या घरात बोलायला बंदी नाही, तिथेच एखादी मुलगी असा प्रश्न विचारते. मंगलला बोलतं कुणी केलं होतं? पण ताईंशी वाद घालण्यात अर्थ नसे.

ऐंशीनंतर मला नगरपालिकेच्या शाळेत नोकरी लागली आणि आम्ही इंदिरानगरला राहायला गेलो. तेव्हा तिथे घरं कमी आणि वावरं जास्त होती. नाशिकरोडला जाणं कमी कमी होत गेलं. काही वर्षांनी दादा गेल्याचं कळलं. झोपेतच गेले होते. मी भेटायला गेले. ताई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायका येत होत्या, जयभीम करत होत्या, शेजारी बसत होत्या, आणि जी ती म्हणत होती, चांगलं मरण आलं हो, काही त्रास नाही.

मला एकटीला गाठून ताई म्हणाल्या, "मरण काय चांगलं असतं का गं? का म्हणतात असं?" मग थोड्या वेळानं, "माझ्याशी बोलले नाय जाताना. रात्री म्हणाले, उद्या बघू. तेवढंच." मी त्यांचा हात धरून बसले. त्या दिवशी त्यांना काही सुचत नव्हतं, आणि सुचतंय असं दाखवायला त्या गेल्या नाहीत.

शेवटची भेट त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, अचानक झाली. शालिमारच्या चौकात मी रस्ता ओलांडत होते आणि मागून तो भरदार आवाज आला. रिक्षावाल्याशी वाद चालला होता. ताईच! एका डोळ्यावर हिरव्या कापडाचा पडदा, बरोबर इगतपुरीची लेक. मोतीबिंदू काढला होता. मी जवळ जाऊन हाक मारली तेव्हा त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून बघितला.

"सुमनच! वाळलीस की. दुसऱ्या डोळ्यानं पण सगळं धुकंच दिसतं बघ मला. पण मजा येते. परवा एका म्हशीला नमस्कार केला मी. मला वाटलं सेक्रेटरी."

लेक कपाळाला हात लावून हसली. "आई, चल आता. डॉक्टरांनी उन्हात थांबू नको सांगितलंय."

ताईंनी मला शाळेचं विचारलं, पोरांचं विचारलं, सासूबाईंचं विचारलं. आपल्याबद्दल एवढंच म्हणाल्या, की आता ओट्यावर संध्याकाळी बायका जमतात, आणि त्यांना गाणं शिकवायचं त्यांच्या मनात आहे. मी विचारलं, "तुम्ही? गाणं?" त्या म्हणाल्या, "मग! सुरात गाणारीला कोण भितं. माझ्यासमोर सगळ्या तोंड उघडतात."

लेकीनं त्यांना रिक्षात बसवलं. मी फुटपाथवर मागे सरकून उभी राहिले. शेजारी पानाच्या ठेल्याशी एक गृहस्थ पान लावून घेत उभा होता. रिक्षा सुरू झाली तशी ताईंनी बाहेर डोकं काढलं, आणि त्या माणसाकडे बघून जोरजोरात हात हलवायला लागल्या.

"जपून जा गं! घरी ये एकदा! पोरांना घेऊन ये!"

त्या गृहस्थानं दचकून मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. त्यानं पुन्हा रिक्षाकडे बघितलं. हिरव्या पडद्याआडून एक म्हातारी इतक्या मायेनं बोलावत होती, की त्याला काय करावं ते कळेना. मग त्यानं पान एका गालात सारलं आणि हात वर केला. आधी संकोचून, मग चांगला मोकळा. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत दोघंही एकमेकांना हात करत होते.

मी माझा हात खालीच ठेवला.